चिलखत एक झेलतं

त्या दोन वर्षांत कोपरीच्या आमच्या घरात जेवायला बसायचं तर आधी तलवारी उचलाव्या लागत. दोन खोल्यांचं घर, त्यात आई, बाबा, मी आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या सात-आठ तलवारी, दोन भाले, एक परशू. आत वायरिंगचा प्लास्टिकचा पाइप, त्याच्यावर एसीच्या नळीला घालतात ती काळी फोमची नळी आणि वरून चंदेरी चिकटपट्टी. चांभाराकडून आणलेल्या सोल्युशनचा वास घरात असा मुरला होता की आईने सुकट भाजली तरी तो जात नसे. पट्टी ओढली की चर्रर्र आवाज व्हायचा आणि शेजारच्या काकू भिंतीवर थाप मारायच्या. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "वैशू, उद्या तुला बघायला कुणी आलं ना, तर म्हणतील पोरगी दरोड्याला जाते." बाबा खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते. ते घरी आले की हातावरचं ग्रीस रॉकेलने पुसत एकेक तलवार उचलून बघायचे, वाकवायचे आणि काही न बोलता परत ठेवायचे. त्यांच्या दृष्टीने ते काम बरं झालेलं असायचं.

खेळ साधा होता. निदान सांगायला. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, त्याचं नाव, गाव, वैर, मैत्री आपणच ठरवायची आणि रविवारी सकाळी मैदानात ते पात्र होऊन वावरायचं. तह करायचे, दगे द्यायचे, आणि लढायची वेळ आली की त्या फोमच्या तलवारींनी खरोखर लढायचं. नाटकच, पण संहिता नाही आणि बघणारं कुणी नाही. माझ्या मुलीला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती डोळे मोठे करून म्हणाली, "आई, तू? ठाण्यात?" जणू ठाण्यात आम्ही फक्त रेशनच्या रांगेत उभे होतो.

हा खेळ आमच्यात आणला केदारने. तो माझ्याच वर्गातला, डोंबिवलीचा, घरात दोन कपाटं इंग्रजी पुस्तकं. त्याच्या परदेशातल्या चुलतभावाने तिकडच्या एका क्लबच्या नियमांची प्रत पाठवलेली, चाळीसेक पानं. केदारने त्याच्या झेरॉक्स काढल्या, पोरं जमवली, पात्रं लिहायला लावली. आज त्याच्याबद्दल लिहिताना राग येतो, पण हेही लिहिलं पाहिजे की तो नसता तर काहीच झालं नसतं. मैदान मात्र संतोषचं. तो कोलशेतचा, आगरी घरातला. पहिल्या वर्षाला आमच्याबरोबर होता, नापास झाला आणि काकाच्या टेम्पोवर बसायला लागला. काकाची खाडीलगतची एक पडीक जागा होती, तिथे आम्ही वीस-बावीस जण दर रविवारी जायचो. वाऱ्याला चिखलाचा खारट वास असायचा. दुपारी संतोषची काकी मोठ्या टोपात खाडीतल्या निवट्या माशांचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या आणून ठेवायची आणि राजे, वैदू, दरोडेखोर सगळे एका ओळीत बसून जेवायचे.

आता नियमांकडे येते, कारण माझ्या तरुणपणाची दोन वर्षं त्यात गेली. प्रत्येकाला तीन जीव. साध्या तलवारीचा घाव लागला की एक जीव जातो, दोन हातांनी धरायच्या मोठ्या तलवारीचा लागला की दोन. मारणाऱ्याने मारताना आकडा ओरडायचा आणि ज्याला लागलं त्याने आपले जीव आपणच मोजायचे. तीन गेले की मेला. मेलेल्याने दोन्ही हात डोक्यावर ठेवून मैदानाबाहेर जायचं आणि खेळ संपेपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही. वाचायला किती सोपं! पण एकही रविवार असा गेला नाही की मी घसा बसल्याशिवाय घरी आले. "लागलंच नाही." "चाटून गेला रे, तो काय घाव आहे?" "मी तेव्हाच मेलेलो, तू बघितलंच नाहीस." "ढालीवर लागला!" "अरे, ढाल कुठे होती तुझ्याकडे?" "मग काखेत लागला, काखेचा नियम सांग." काखेचा नियम नव्हता. केसांचाही नव्हता, आणि निसटलेली चप्पल अंगाचा भाग धरायची का, याचाही नव्हता. चांगल्या घरातली, परीक्षेत कॉपी न करणारी मुलं तीन-तीन वेळा मरून हसत हसत लढत असायची.

पंच मी होते. मला खरं तर वैदू व्हायचं होतं. जडीबुटीची पिशवीसुद्धा शिवलेली. पण अर्ध्या मुलांना ते इंग्रजी कळेना, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी त्या पानांचं मराठी करायला घेतलं, आणि जिने नियम लिहिले तिलाच सगळे विचारायला लागले. एकदा विचारायला लागले की संपलं. पहिल्याच रविवारी माझ्या गळ्यात शिट्टी आली आणि वैदूची पिशवी पुढे आईने लसूण ठेवायला घेतली.

ते भाषांतर मी आमच्या स्वयंपाकघरात ओट्याखाली बसून केलं. मूळ पानांत दोन शब्द होते, 'ब्लो' आणि 'डॅमेज'. ब्लो म्हणजे वार, हे सरळ होतं. डॅमेजपाशी मी अडले. नुकसान म्हटलं की शेतात पाणी शिरल्यासारखं वाटायचं, इजा म्हटलं की सिव्हिल हॉस्पिटल. शेवटी 'घाव' आवडला. छान दणकट शब्द. इतका आवडला की मी तो दोन्हीकडे वापरला. वारालाही घाव आणि वाराने जे गेलं त्यालाही घाव. आणि चिलखताच्या पानावर एक अर्धवट वाक्य होतं, 'आर्मर ॲब्सॉर्ब्ज वन.' एक काय, ते नाही. मी लिहिलं, 'चिलखत एक घाव झेलतं', आणि पुढच्या पानाकडे वळले. हल्ली मी औषधांच्या खोक्यांतल्या माहितीपत्रकांचं मराठी करते. 'दिवसातून एक' असं आलं की कंपनीला विचारते, एक काय? गोळी की पुडी? फोनवरची मुलगी वैतागते, "मॅडम, कळतं हो लोकांना." मी म्हणते, नाही कळत. लिहून द्या.

तर संतोष. वर्गात कधी तोंड न उघडणारा हा मुलगा मैदानात खाडीचा सरदार व्हायचा. दाढी वाढवलेली, कमरेला जाळ्याचा दोर. आपल्याच बोलीत बोलायचा आणि इंग्रजी माध्यमातली पोरं कान देऊन ऐकायची, कारण बंदर त्याच्या ताब्यात होतं. त्याच्या परवानगीशिवाय कुणाला मीठ मिळत नसे, जहाज मिळत नसे. काकीने त्याला चिलखत शिवून दिलेलं. आत गादीचा फोम, मध्ये गोणपाट आणि वरून फाटक्या रेनकोटचे तुकडे माशाच्या खवल्यांसारखे टाचलेले. वर्षभर तो त्या सरदाराला जिवंत ठेवून होता. आमच्यात पात्र मेलं की कायमचं मेलं, पुढच्या रविवारी नव्या नावाने यायचं. बाकीच्यांची चार-चार पात्रं होऊन गेली होती. संतोषचं एकच होतं. माझी मराठी पानं त्याने प्लास्टिकच्या पिशवीत घालून टेम्पोत ठेवलेली. फेऱ्यांच्या मध्ये वाचायचा. मी स्वतः विसरलेली कलमं तो मला सांगायचा.

वर्षाचा शेवटचा रविवार होता. वर्षभराच्या गोष्टीचा शेवट त्या दिवशी होणार होता. केदार उत्तरेचा राजा, त्याला बंदर हवं होतं. सकाळी दहाला सुरू झालं, साडेअकरापर्यंत बहुतेक सगळे हात डोक्यावर ठेवून कुंपणापाशी बसलेले. उरले ते दोघे. संतोषचा एक जीव आणि अजून एकही घाव न झेललेलं चिलखत, केदारचाही एक जीव. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. केदारने ती मोठी तलवार डोक्यावरून आणली आणि ओरडला, "दोन!" ती संतोषच्या छातीवर मधोमध बसली, धप्प. त्यात वाद नव्हता. संतोष एक पाऊल मागे गेला, हसला, आणि त्याच दमात त्याने केदारच्या बरगडीत तलवार घातली. "एक!"

दोघे थांबले. केदार म्हणाला, "अरे, तू मेलायस."

"नाय. चिलखत हाय ना. एक घाव झेलतंय. मी हाय, तू मेलास."

"दोनाचा घाव होता तो. एक चिलखताने घेतला, एक तुला लागला. तू गेलास, मग मला कसा मारतोस?" आणि मग माझ्याकडे वळून त्याने हाक मारली, "पंच!"

मी पानं काढली. माझं मराठी स्पष्ट होतं. एक घाव. संतोष जिवंत, केदार मेला, बंदर खाडीचं. मी तोंड उघडणार तेवढ्यात केदारने त्याच्या दप्तरातून मूळ झेरॉक्स काढली. "हे बघ. ॲब्सॉर्ब्ज वन. वरचा अख्खा पॅरा कशाबद्दल आहे? पॉइंट्स, म्हणजे आपले जीव. मग वन म्हणजे वन पॉइंट. तुझं भाषांतर चुकलंय, वैशाली." तो ओरडला नाही. शांतपणे, समजावल्यासारखं बोलला, आणि त्यानेच माझा घात झाला. मी ते वाक्य पाच वेळा वाचलं. 'एक' याच्यापुढे काही नव्हतं. वरचा परिच्छेद जीवांबद्दल होता खरा. पण खालचा वारांबद्दल होता, आणि तो मला तेव्हा दिसला नाही. दिसलं ते एवढंच की मी ओट्याखाली बसून अंदाजाने एक शब्द टाकला होता आणि डोंबिवलीच्या कपाटांसमोर तो आता पकडला गेला. वीस जण बघत होते. कुणीतरी म्हणालं, "मूळ काय आहे ते धर ना, संपव." ऊन डोक्यावर आलेलं. मी म्हणाले, "संतोष, तू मेलास. केदारचा घाव आधी. बंदर उत्तरेचं."

मला वाटलं, तो भांडेल. त्याने भांडावं असं मला आतून फार वाटत होतं, म्हणजे मला पुन्हा विचार करायला जागा मिळाली असती. त्याने फक्त माझ्याकडे बघितलं. मग तलवार खाली ठेवली, दोन्ही हात डोक्यावर ठेवले आणि कुंपणाकडे चालत गेला. तिथे थांबला नाही. कुंपण ओलांडून घराच्या दिशेने, तसेच हात डोक्यावर ठेवून. केदारच्या बाजूने आरोळ्या उठल्या. काकी कालवणाचा टोप घेऊन आली, आणि तिला काही माहीत नसल्यामुळे तिने सगळ्यांना वाढलं. मीही जेवले.

संध्याकाळी बाबांना सांगितलं. डेपोत कुणाला चार्जशीट मिळालं की तो माणूस बाबांकडे यायचा. बाबा त्याच्यासाठी नियम वाचायचे आणि उत्तर लिहून द्यायचे. शिक्षण सातवी, पण नियम असे वाचायचे की साहेब लोक जपून बोलत. त्यांनी आधी माझं मराठी पान वाचलं, मग इंग्रजी माझ्याकडून वाचून घेतलं.

"पोरांना वाटलेलं कुठलं?"

"मराठी."

"मग इंग्रजी मैदानात आलं कुठून?"

"ते मूळ आहे ना, बाबा."

"मूळ असेल. पण त्या पोराला ते कुणी दिलं होतं का? ज्याला जे लेखी कळवलं, त्याच्यासाठी तोच नियम. तुझं चुकलं असेल तर उद्यापासून सुधार. आज त्याच्या अंगावर चूक टाकायची नाही. ती तू लिहिलीस ना?"

मी चिडले. "मग मला आधी का नाही सांगितलंत?" असं काहीतरी बिनडोक बोलले आणि रडले. बाबा बरोबर होते, आणि सहा तास उशिरा बरोबर होते, याचा मला त्यांच्यावरच राग आला. आईने मध्ये पडून ताट सरकवलं. "जेव आधी. मेला तो फोमनेच ना?"

दोन दिवसांनी कॉलेज सुटल्यावर डोंबिवलीला केदारच्या घरी गेले. त्याच्या आईने साबुदाण्याची खिचडी पुढे ठेवली आणि आम्ही दोघे तिच्यासमोर तलवारींच्या घावांवर भांडायला लागलो. मी म्हणाले, निकाल चुकला, मला तो फिरवायचाय. केदारने माझीच पानं उघडली. शेवटच्या पानावर, मी स्वतः, ठळक अक्षरात लिहिलेलं, 'पंचाचा निर्णय अंतिम राहील.'

"हे तू टाकलंयस," तो म्हणाला. "मूळ नियमांत हे नाहीच. तू मला विचारलंही नव्हतंस."

"रोज रोज वाद घालता म्हणून टाकलेलं, केदार!"

"मग आता तू का घालतेस?"

त्याची आई म्हणाली, "अगं, खेळच आहे ना? दोघंही जिंकलात असं धरा." मला त्या बाईंच्या प्रेमळपणाचा इतका संताप आला की मी खिचडी अर्धी टाकून उठले. त्या बिचाऱ्या जिन्यापर्यंत आल्या, "लिंबू पिळू का अजून?" विचारत.

पुढच्या रविवारी खेळाला सुट्टी होती. मी एकटीच कोलशेतला गेले. संतोष टेम्पोची ताडपत्री धूत होता. मला बघून हसला नाही, रागावलाही नाही, कशाला आलीस एवढंच विचारलं.

"कनाला आयलीस गो?"

"तू त्या दिवशी काहीच का बोलला नाहीस?"

"मेलेला मानूस बोलतंय क? तूच लिवलेलंस ना."

मी म्हणाले, माझी चूक झाली. केदारचं ऐकून मी माझंच लिहिलेलं मोडलं. तो ताडपत्री पिळत राहिला. मग म्हणाला, "केदारचा कागद मना वाचताच येत नाय. मी तुजा वाचून खेललो, वरीसभर. मंग मी कंचा खेल खेलत व्हतो, सांग."

मी त्याला पुन्हा खेळायला ये म्हणाले, निकाल सगळ्यांसमोर मागे घेते म्हणाले. त्याने मान हलवली. "मेला तो मेला. नवीन नाव घेऊन मी काय करू?" जागा वापरा, काका काही बोलणार नाय, असंही त्याने सांगितलं. आम्ही वापरली. आणखी दोन महिने. पण बंदरावर आता केदार बसायचा, आणि मीठ मागायला जाताना कुणाला काही वाटेनासं झालं. मग परीक्षा आल्या, केदार पुण्याला गेला, तलवारी आईने एकेक करून वाटून टाकल्या.

पण मला तो शब्द सोडेना. एक काय? कोपरीतल्या सायबर कॅफेत बसून मी त्या क्लबला पत्र लिहिलं, पानाच्या तळाशी पत्ता होता त्यावर. आयुष्यातली माझी पहिली ईमेल. सगळी हकीकत लिहिली. राजा, सरदार, दोनाचा घाव, खवल्यांचं चिलखत. उत्तर येईना. दर आठवड्याला जायचे, कॅफेवाला माझ्याकडे बघून नुसताच मान हलवायचा. दीड-दोन महिन्यांनी आलं. त्यांना फार आनंद झाला होता. इतक्या लांब आपला खेळ पोचला! त्या वाक्याबद्दल त्यांच्याकडेही मतभेद होते म्हणे. काही ठिकाणी वार धरतात, काही ठिकाणी पॉइंट. दोन्ही चालतं. आणि शेवटी, 'अशा वेळी तुमच्या पंचांना विचारा, ते सांगतील तेच बरोबर.'

मी ते इतक्या वेळा वाचलं की कॅफेवाल्याने विचारलं, "प्रिंट काढू का, ताई?" मी नको म्हणाले. त्या क्षणी हसू यायला हवं होतं. आलं नाही. म्हणजे बरोबर उत्तर कुठेच नव्हतं. माझं चुकलं नव्हतं आणि केदारचंही. त्या दिवशी, त्या उन्हात, मी जे बोलले असते तेच बरोबर ठरलं असतं, आणि मी ते बोलले होते.

घरी आले आणि एक कोरा कागद घेतला. 'घाव' सोडून दोन वेगळे शब्द केले, 'वार' आणि 'जीव'. 'चिलखत एक वार झेलतं, मग तो वार एकाचा असो की दोनाचा.' खाली लिहिलं की वर्षअखेरच्या लढाईत हाच नियम होता आणि सरदार जिवंत होता. सही केली, पंच म्हणून. कोलशेतला गेले तेव्हा संतोष टेम्पोत बसून निघायच्या बेतात होता. त्याने कागद घेतला, बोट ठेवून, ओठ हलवत, सावकाश वाचला. मग वर बघितलं.

"बरा लिवलास," तो म्हणाला. "आता कोनाला वाचून दावू?"

मैदानात काकाने एका बिल्डरच्या सळया उतरवून घेतल्या होत्या. मी तिकडे बघत उभी राहिले. तो म्हणाला, "चल, बस. कोपरीला सोरतो." मी चढले. त्याने कागद समोर काचेपाशी ठेवला. रस्त्याला लागल्यावर वाऱ्याने तो उडायला लागला, तेव्हा त्याने डाव्या हाताने दाबून धरला आणि उजव्या हाताने गाडी हाकायला लागला. गिअर बदलायचा आला की म्हणायचा, "धर गो जरा," आणि मी धरायचे.